न झालेल्या गोलांचा हिशेब

१० ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आम्ही आमच्या एका वकील स्नेह्यांच्या घरीं बसलों होतों. पॅरिस ऑलिंपिकमधील स्त्रियांच्या फुटबॉलचा अंतिम सामना चालू होता. एका बाजूस अमेरिका, दुसऱ्या बाजूस ब्राझील. स्नेह्यांची नात मांडी घालून दूरचित्रवाणीच्या पडद्याला जवळजवळ नाक लावून बसली होती. मोठीं माणसें नेहमींप्रमाणें खेळ कमी पाहत होतीं आणि मतें अधिक देत होतीं. ब्राझीलचा संघ एका गोलानें हरला. खेळ संपतांच वकीलसाहेबांनीं आपला निकाल दिला : "बायकांच्या खेळाला प्रेक्षक नाहींत म्हणून पैसा नाहीं, आणि पैसा नाहीं म्हणून खेळ बेताचा. यांत अन्याय कोणीं कोणावर केला? बाजार कोणाचा सोयरा नसतो." त्यांच्या सौभाग्यवतींना हें रुचलें नाहीं. मार्ता या विख्यात ब्राझिलियन खेळाडूच्या गरीब बालपणाची हकीकत त्यांनीं कोठेंतरी वाचली होती. ती सांगतां सांगतां त्यांचे डोळे पाणावले, आणि "मनांत असलें म्हणजे माणूस काय करूं शकत नाहीं!" असा त्यांनीं उलट निकाल दिला.

हे दोन्ही निकाल एकमेकांच्या विरुद्ध आहेत असें त्या उभयतांस वाटत होतें. आम्हांला तसें वाटत नाहीं. एक म्हणतो, जें आहे तें योग्यच आहे. दुसरा म्हणतो, जें आहे त्यावर मात करतां येते. जें आहे तें तसें कोणीं केलें, हें दोघांपैकीं कोणीच विचारीत नाहीं. म्हणून आम्हीं अलीन पेलेग्रिनो हें नांव काढलें. तेव्हां वकीलसाहेबांनीं चष्मा पुसत विचारलें, "तिनें गोल किती केले?"

ती बचावपटू होती. गोल करणें हें तिचें काम नव्हतें. गोल होऊं न देणें हें होतें. पण आमच्या स्नेह्यांच्या प्रश्नाला आम्ही हांसलों नाहीं, कारण सुशिक्षित मनुष्य कीर्तीचा हिशेब याच वहींत मांडतो. जें घडलें तें जमेला धरतां येतें. जें घडूं दिलें नाहीं तें कोणत्या रकान्यांत लिहावें? तिच्या आयुष्यक्रमाचा विचार करतांना हा रकाना आपणांस नव्यानें आंखावा लागेल, आणि तो आंखला म्हणजे वरील दोन्ही निकाल टिकत नाहींत, असें आमचें म्हणणें आहे.

अलीन पेलेग्रिनो ६ जुलै १९८२ रोजीं साओ पाउलो येथें जन्मली. आदल्याच दिवशीं बार्सिलोना येथें ब्राझीलचा पुरुषांचा संघ इटलीकडून तीन-दोन असा हरून विश्वचषकांतून बाहेर पडला होता, आणि त्या देशांतल्या एका पिढीच्या मनांत तो दिवस सुतकासारखा राहून गेला आहे. त्या सुतकाच्या दुसऱ्या दिवशीं ही मुलगी जन्मास आली, आणि तिचें आडनांवही इटालियन वळणाचें! हा योगायोग आम्ही केवळ गंमत म्हणून सांगतों. अधिक महत्त्वाची गोष्ट अशी कीं, ती जन्मली त्याच्या तीनच वर्षें आधीं तिच्या देशांत स्त्रियांनीं फुटबॉल खेळणें हें नियमानें निषिद्ध होतें, आणि तो खेळ स्त्रियांसाठीं रीतसर नियमबद्ध झाला तो ती जन्मल्यानंतर एक वर्षानें, म्हणजे १९८३ सालीं.

वकीलसाहेबांना हें ठाऊक नव्हतें. कायद्याच्या पंडितास कायदा ठाऊक नसावा आणि बाजार मात्र ठाऊक असावा, ही आजच्या काळाची एक मौज आहे. १९४० च्या सुमारास रिओच्या उपनगरांत स्त्रियांचे फुटबॉलसंघ निघूं लागले होते, त्यांचे सामने भरत होते, वर्तमानपत्रें त्यांविषयीं लिहीत होतीं. तेव्हां एका चिंताग्रस्त नागरिकानें राष्ट्राध्यक्ष जेतुलियो वार्गास यांस पत्र लिहिलें कीं, उद्यांच्या मातांच्या प्रकृतीचा यानें नाश होईल, तरी सरकारनें वेळीं लक्ष घालावें. सरकारनें लक्ष घातलें. १४ एप्रिल १९४१ रोजीं ३१९९ क्रमांकाचा फर्मानवजा कायदा निघाला, आणि त्याच्या ५४ व्या कलमानें स्त्रियांच्या प्रकृतिधर्माशीं विसंगत असलेले खेळ त्यांना बंद करण्यांत आले. कोणते खेळ विसंगत, हें ठरविण्याचें काम राष्ट्रीय क्रीडामंडळाकडे आलें. १९६५ सालीं त्या मंडळानें आपल्या सातव्या ठरावानें यादीच करून टाकली : फुटबॉल आलें, बंदिस्त मैदानावरचें फुटबॉल आलें, समुद्रकांठचें फुटबॉलही आलें, शिवाय वॉटरपोलो, पोलो, रग्बी, वजनें उचलणें आणि बेसबॉल. वाळूंत चेंडू लाथाडणाऱ्या मुलींचीसुद्धां ज्यांनीं एवढ्या काळजीपूर्वक नोंद घेतली, त्यांच्या बारकाईचें कौतुक करावें तितकें थोडें! ही बंदी १९७९ पर्यंत चालली. अडतीस वर्षें.

अडतीस वर्षें एखाद्या पेठेच्या तोंडाशीं पहारा बसवावा, आणि तो उठविल्याच्या दुसऱ्या दिवशीं आंत डोकावून म्हणावें कीं, पाहा, येथें गिऱ्हाईक नाहीं! बाजाराचा न्याय म्हणून जो सांगतात तो हा. आणि गिऱ्हाईक नव्हतें हें तरी खरें आहे काय? मिनास जेराइस प्रांतांत आरागुआरी नांवाचें गांव आहे. तेथें १९५८ सालीं एका शाळेला पैसा उभा करावा म्हणून गांवच्या क्लबानें मुलींचा सामना भरविला. लोक लोटले. इतके लोटले कीं मुलींना इतर गांवांतून बोलावणीं येऊं लागलीं. मग दुसऱ्याच वर्षीं क्रीडामंडळाला कायद्याची आठवण झाली आणि तो संघ बंद पडला. कोणी पाहीना म्हणून तो बंद झाला नाहीं. पुष्कळ लोक पाहूं लागले म्हणून झाला.

ही गोष्ट एकट्या ब्राझीलची नव्हे. ज्या इंग्लंडच्या खेळांना आमच्या पिढीनें सद्‌गुणांची शाळा मानलें, तेथेंही हेंच घडलें होतें. २६ डिसेंबर १९२० रोजीं लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक-कर कारखान्यांतील मुलींचा सामना पाहण्यास त्रेपन्न हजार माणसें जमलीं होतीं. वर्ष भरण्यापूर्वींच, ५ डिसेंबर १९२१ रोजीं, तेथील फुटबॉल असोसिएशननें आपल्या सभासद-क्लबांचीं मैदानें स्त्रियांना बंद केलीं, आणि तीं जवळजवळ पन्नास वर्षें बंद राहिलीं. जर्मनीच्या संघटनेनें हाच शहाणपणा १९५५ सालीं केला आणि १९७० सालीं सोडला. तेव्हां "प्रेक्षक नाहींत" हें कारण म्हणून पुढें करण्याआधीं, प्रेक्षक होते तेव्हां काय केलें, याचा जबाब आधीं द्यावा.

आतां सौभाग्यवतींच्या निकालाकडे वळूं. तो अधिक प्रेमळ आहे; म्हणून त्याचा समाचार घेणें अधिक कठीण. मार्ता ही आलागोआस प्रांतांतील दोईस रियाशुस या लहानशा गांवची, आणि तिच्या खेळाचें वर्णन करण्यास आमची लेखणी समर्थ नाहीं. परंतु तिच्या उदाहरणावरून काय सिद्ध होतें? एवढेंच कीं प्रतिभा कोठेंही उगवते. दगडाच्या फटींतही पिंपळ उगवतो. त्यावरून दगडांत शेती करावी असें कोणी म्हणत नाहीं. चेंडू पायाशीं खिळवून ठेवण्याची कला एकटीला भिंतीशीं खेळून शिकतां येते, गल्लींत मुलांना चकवून शिकतां येते. आघाडीवरचा खेळाडू, म्हणूनच, वाईट व्यवस्थेंतूनही कधीं कधीं बाहेर पडतो.

बचावपटू तसा बाहेर पडत नाहीं. वाचकांपैकीं ज्यांनीं हा खेळ फारसा पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें विस्तारानें सांगतों. बचावाच्या फळींत बहुधा चौघीजणी असतात, आणि त्यांचें खरें काम चेंडू अडविणें हें नसून एकमेकींमधलें अंतर राखणें हें आहे. एक पुढें सरकली तर दुसरीनें तिच्या मागची जागा झांकावयाची. चौघी एका क्षणीं पुढें आल्या तर प्रतिपक्षाची खेळाडू ऑफसाइड सांपडते; एक जरी पाऊलभर मागें राहिली तर तीच खेळाडू गोलरक्षकासमोर एकटी उभी राहते. कोणीं केव्हां पुढें यावें हें एकीनें ओरडून सांगावयाचें असतें, आणि बाकीच्यांनीं तिच्या शब्दावर विश्वास ठेवून, चेंडूकडे पाठ असली तरी, हलावयाचें असतें. हें एकटीला शिकतां येत नाहीं. भिंतीशीं तर मुळींच नाहीं. त्याला त्याच त्या सोबतिणी महिनोन्‌महिने लागतात, बरोबरीचे प्रतिस्पर्धी लागतात, वर्षांतून वीसपंचवीस तरी खरे सामने लागतात, चुका दाखविणारा शिक्षक लागतो. थोडक्यांत, संस्था लागते. प्रतिभेवरून देशाच्या मातीची परीक्षा होईल. देशाच्या व्यवस्थेची परीक्षा करावयाची तर त्याची बचावफळी पाहावी.

पेलेग्रिनो नेमकी याच जागीं उभी होती, आणि अशा देशांत कीं जेथें अशी संस्था जवळजवळ नव्हती. २००४ सालीं अथेन्सच्या ऑलिंपिकमध्यें रौप्यपदक मिळविणाऱ्या संघांत ती होती. २००७ च्या जुलैंत रिओच्या माराकाना मैदानावर पॅन-अमेरिकन स्पर्धेचा अंतिम सामना झाला. साठ हजारांवर प्रेक्षक होते आणि ब्राझीलनें अमेरिकेचा पांच-शून्य असा पराभव केला. (अमेरिकेनें तेथें आपला तरुण संघ पाठविला होता, हें सांगितलें पाहिजे, पण प्रेक्षक कांहीं तरुण म्हणून अर्धे धरावयाचे नसतात.) त्याच वर्षीं चीनमध्यें विश्वचषक झाला. उपांत्य सामन्यांत अमेरिकेच्या खऱ्या संघाला ब्राझीलनें चार-शून्य असें हरविलें. ३० सप्टेंबर २००७ रोजीं शांघाय येथें जर्मनीविरुद्ध अंतिम सामना झाला, त्यांत ब्राझीलची कर्णधार पेलेग्रिनो होती. मार्ताची पेनल्टी जर्मन गोलरक्षक नादीने आंगेरर हिनें अडविली, आणि जर्मनी दोन-शून्य जिंकली. संपूर्ण स्पर्धेंत जर्मनीनें आपल्यावर एकही गोल होऊं दिला नाहीं. ज्या देशानें १९७० मध्यें आपली बंदी सोडली, आणि नुसती सोडून न थांबतां १९९० मध्यें स्त्रियांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा उभी केली, त्याची ही बचावफळी होती.

पराभवानंतर पदकें घेतांना ब्राझीलच्या मुलींनीं एक फलक उंच धरला. त्यावर त्यांनीं आपल्या देशाला उद्देशून लिहिलें होतें कीं, आम्हांला पाठबळ पाहिजे. जगांतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या संघानें, जगाच्या डोळ्यांदेखत, रडण्याऐवजीं अर्ज केला. आमच्या मतें त्या स्पर्धेंतला सर्वांत शहाणपणाचा क्षण हा होता, आणि डोळ्यांत पाणी आणणाऱ्या गोष्टी लिहिणारांनीं नेमका तोच वगळलेला आढळतो. अश्रूंना उत्तर द्यावें लागत नाहीं. अर्जाला द्यावें लागतें. ब्राझीलमध्यें स्त्रियांची देशव्यापी चषकस्पर्धा त्याच वर्षाअखेर सुरू झाली, पण राष्ट्रीय महासंघाची साखळी स्पर्धा सुरू होण्यास २०१३ साल उजाडावें लागलें.

मधल्या काळांत १० जुलै २०११ रोजीं ड्रेस्डेन येथें जें झालें तें ज्यांनीं पाहिलें ते विसरणार नाहींत. विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीचा सामना होता; पुन्हां अमेरिका. दुसऱ्याच मिनिटाला ब्राझीलची बचावपटू डायाने हिच्या पायाला लागून चेंडू तिच्याच गोलांत गेला. मार्तानें पेनल्टीवर बरोबरी केली, आणि जादा वेळाच्या आरंभीं दुसरा गोल करून आघाडीही मिळवून दिली. अमेरिकेची एक खेळाडू बाहेर गेलेली. तिच्या दहाजणीच उरलेल्या. आणि १२२ व्या मिनिटाला ॲबी वॉम्बाकनें डोक्यानें मारून बरोबरी केली. नंतरच्या पेनल्ट्यांत ब्राझीलची एकच अडली, आणि ती मारणारी तीच डायाने. सामन्याच्या शेवटीं ब्राझीलच्या एका खेळाडूनें दुखापतीचें सोंग करून वेळ काढला, त्याचें समर्थन आम्ही करणार नाहीं. तो वेळ पुढें पंचांनीं वाढवून दिला, आणि त्याच वाढीव वेळांत गोल झाला. पण दुसऱ्या दिवशीं जगानें काय वाचलें? आघाडी मार्ताची, चूक डायानेची. त्या दिवशीं पेलेग्रिनो त्याच फळीच्या मध्यभागीं होती. तो संघ तीनच बचावपटूंची जुनी रचना घेऊन मैदानांत उतरला होता. त्या रचनेवर तेव्हांच पुष्कळ टीका झाली होती. ज्यांना वर्षभर नियमानें खेळावयास साखळी नाहीं, त्यांच्याकडून १२२ मिनिटें एका रेषेंत राहण्याची अपेक्षा करावी, आणि १२१ मिनिटें त्या राहिल्या याची नोंदसुद्धां असूं नये, हा कोणता हिशेब?

पॅरिसच्या ज्या संघावरून आमचा वाद निघाला त्या संघांतील राफाएले ही बचावपटू बाहिया प्रांतांतील सिपो या गांवची. तिचें फुटबॉलचें बरेचसें शिक्षण कोठें झालें? अमेरिकेंत, मिसिसिपी विद्यापीठांत. आणि अमेरिकन विद्यापीठांतून मुलींचीं मैदानें कोठून आलीं? १९७२ च्या कायद्यांतून. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनें मुलामुलींत भेद करतां कामा नये असें त्यानें ठरविलें. म्हणजे त्या रात्रीं वकीलसाहेब ज्या विजयाला बाजाराचा विजय म्हणत होते, तो मुळांत एका कायद्याचा विजय होता.

येथें आम्हांला एक कबुली दिली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही एका महाविद्यालयाच्या जिमखाना-समितीवर होतों. नऊ मुलींचा अर्ज आला. फुटबॉलचा संघ काढूं द्यावा, आठवड्यांतून दोन दिवस मैदान मिळावें, इतकीच मागणी. त्या अर्जावरचा शेरा आमच्या हातचा आहे : "अकरा पुऱ्या होतांच विचार करतां येईल." तो लिहितांना आपण फार समतोल वागत आहों असें आम्हांला वाटलें होतें. नकार कोठें दिला होता? परंतु मैदान नसतांना नवाच्या अकरा व्हाव्या कशा? पुढच्या वर्षीं त्यांपैकीं चौघी पदवी घेऊन गेल्या, एकीचें लग्न झालें, आणि अर्ज फायलींत राहिला. ब्राझीलमध्यें या कामाला हुकूमशहा लागला. आमच्याकडे एक फाउंटनपेन पुरलें. तेव्हां वकीलसाहेबांवर आम्ही रागावलों असूं तर त्यांत आमच्या स्वतःवरचा राग कांहीं कमी नाहीं.

आणि बंदी उठली म्हणजे नकार संपतो असेंही नाहीं. तो नवा वेष घेतो. २००१ सालीं साओ पाउलोच्या प्रांतिक महासंघानें स्त्रियांची स्पर्धा काढली. ती काढतांना खेळाडूंचें सौंदर्य लोकांपुढें आणणें हा हेतु उघडपणें कागदावर मांडलेला होता. तेवीस वर्षांवरील खेळाडू नकोत, आंखूड केंसांच्या नकोत, असे निकष लावले गेले, आणि देशांतील वर्तमानपत्रांनीं तें सारें छापलें. याच देशाच्या सिसी या खेळाडूनें दोनच वर्षांपूर्वीं, १९९९ च्या विश्वचषकांत, डोकें जवळजवळ तासडून खेळून सर्वाधिक गोल करणारांत जागा मिळविली होती! १९४१ मध्यें म्हणत कीं खेळानें स्त्रीत्व बिघडेल. २००१ मध्यें म्हणूं लागले कीं स्त्रीत्व दाखवाल तर खेळूं देऊं. पुढें २०१२ च्या आरंभीं सांतोस क्लबानें आपला स्त्रियांचा संघ बंद केला. पेलेग्रिनो याच क्लबाकडून खेळलेली होती, आणि हा संघ २००९ व २०१० अशीं दोन्ही वर्षें दक्षिण अमेरिकेचा विजेता होता. कारण पैशाचें, पुरुषसंघांतील नेमार या तरुण खेळाडूला क्लबांत टिकवून धरण्याचा खर्च मोठा होता. आमचे वकीलमित्र म्हणतील, जिंकाल तर लोक येतील. खंडांतली अजिंक्यपदें दोन जिंकल्यावर हा संघ बंद झाला, त्यास काय म्हणावें?

आतां पेलेग्रिनोच्या आयुष्यक्रमाचा तो भाग येतो, जो आमच्या मतें तिच्या पदकांहून मोठा आहे. खेळणें थांबल्यावर २०१६ सालीं ती साओ पाउलोच्या त्याच प्रांतिक महासंघांत स्त्रियांच्या फुटबॉलची प्रमुख म्हणून गेली. जेथें पंधरा वर्षांपूर्वीं केंसांची लांबी मोजली जात होती, त्या कचेरींत ती टेबलापाशीं बसली. तिनें तेथें काय केलें? भाषणें केलीं असतील. तीं आम्ही वाचलीं नाहींत. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलींची स्पर्धा तेथें सुरू झाली, हें मात्र आम्हांला महत्त्वाचें वाटतें. बाहेरच्या माणसाला ही अगदीं क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण वर सांगितलेली बचावफळी आठवावी. पंधराव्या वर्षीं जी मुलगी खऱ्या सामन्यांत उभी राहते, तीच पंचविसाव्या वर्षीं १२२ व्या मिनिटाला रेषा सोडीत नाहीं. कर्णधार असतांना जें तिला हातीं नव्हतें तें तिनें कारकून होऊन केलें. आणि कारकून हा शब्द आम्ही आदरानें वापरीत आहों.

नोव्हेंबर २०१९ मध्यें साओ पाउलोच्या प्रांतिक स्पर्धेचा अंतिम सामना पाहण्यास अठ्ठावीस हजारांहून अधिक माणसें आलीं. २०२० च्या सप्टेंबरांत राष्ट्रीय महासंघानें तिला स्त्रियांच्या स्पर्धांची व्यवस्था पाहण्यास नेमलें. २०२२ मध्यें राष्ट्रीय साखळीचा तिसरा वर्ग सुरू झाला, आणि त्याच वर्षीं पहिल्या वर्गाच्या अंतिम सामन्यास एकेचाळीस हजारांवर प्रेक्षक होते. हें सारें एकट्या तिनें केलें असें म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. पण आरागुआरीचे प्रेक्षक मेले नव्हते, त्यांना फक्त वाट पाहावयास लावलें होतें, एवढें यावरून दिसत नाहीं काय?

यावर एक आक्षेप आम्हांला ऐकूं येतो, आणि तो पोकळ नाहीं. २०१९ पासून दक्षिण अमेरिकेच्या महासंघानें असा नियम केला कीं, ज्या क्लबाला पुरुषांच्या मोठ्या खंडीय स्पर्धेंत भाग घ्यावयाचा असेल त्यानें स्त्रियांचा संघ ठेवलाच पाहिजे. तेव्हां हें फुटबॉल सक्तीचें आहे, स्वयंभू नाहीं, असें आक्षेपक म्हणतात. आणि कांहीं क्लब तें नांवापुरतें करतात, हेंही खरें आहे. सक्तीनें केलेलें काम पुष्कळदां मारून-मुटकून केलेलें असतें. पण अडतीस वर्षांची बंदी ही स्वयंभू होती काय? कायद्यानें उपटलेलें झाड कायद्यानें लावूं नये, तें आपोआप उगवलें तरच खरें, असा हट्ट धरणारांना झाडाविषयीं ममता आहे असें आम्हांला वाटत नाहीं. नियमानेंही सारें साधत नाहीं हें आम्ही मान्य करतों. २०१६ च्या अखेरीस एमिली लिमा ही राष्ट्रीय संघाची पहिली स्त्री-प्रशिक्षक झाली आणि वर्ष भरण्यापूर्वींच, सप्टेंबर २०१७ मध्यें, तिला काढण्यांत आलें; तेव्हां क्रिस्तियानीसारख्या मोठ्या खेळाडूंनीं निषेध म्हणून राष्ट्रीय संघ सोडला. अशा वेळीं सुधारणेच्या कचेरींत बसून राहणें सोपें नसतें. राग येऊन बाहेर पडणारांचा मार्ग चुकीचा होता असें आम्ही म्हणणार नाहीं. पण मागें राहून जागा झांकणारीही कोणी लागते. बचावपटूची संवय!

आपल्याकडे हा विषय अगदींच परका नाहीं. नोव्हेंबर २०२१ मध्यें मनाउस येथें भारताच्या मुली ब्राझीलशीं खेळल्या. फोर्मिगा या थोर खेळाडूचा तो निरोपाचा सामना होता. आपण सहा-एक असे हरलों. तो एक गोल मनीषा कल्याण हिनें आरंभींच्या मिनिटांतच केला, आणि त्या गोलाची बातमी आपल्या वर्तमानपत्रांनीं उत्साहानें दिली. बाकीचे सहा आपल्याविरुद्ध कां झाले, याची चर्चा आम्हीं कोठें वाचली नाहीं. पुढच्याच वर्षीं सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतांत झाला. भुवनेश्वरास ब्राझीलनें आपणांस पांच-शून्य हरविलें. मडगांव येथें सामने झाले, आणि ३० ऑक्टोबर २०२२ चा अंतिम सामना नवी मुंबईस झाला. म्हणजे जगांतल्या उत्तमोत्तम मुली आमच्या दारांत खेळून गेल्या. त्या गेल्यावर आमच्या शाळांच्या मैदानांच्या वेळापत्रकांत किती फरक पडला, हें ज्यांच्या मुली शाळेंत जातात त्या वाचकांनीं स्वतःच पाहावें. आमच्या ओळखीच्या घरांतून तेरा-चौदाव्या वर्षीं मुलीचा खेळ बंद होतो तो कोणाच्या आज्ञेनें होत नाहीं. क्लास असतो, ऊन असतें, मैदान दूर असतें, "आतां मोठी झाली" असतें. ५४ वें कलम छापलेलें तरी होतें; तें रद्द करतां आलें.

२०२७ सालचा स्त्रियांचा विश्वचषक ब्राझीलमध्यें भरवावयाचा, असें मे २०२४ मध्यें बँकॉक येथें फीफाच्या अधिवेशनांत मतदानानें ठरलें. जो खेळ ज्या देशानें अडतीस वर्षें स्त्रीच्या प्रकृतीशीं विसंगत मानला, त्याच देशांत तो भरणार आहे. वकीलसाहेबांनीं हें ऐकलें तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "मग यंदा तरी ब्राझील जिंकेल काय?" आम्ही म्हटलें, त्यांची मागची फळी कशी आहे त्यावर आहे.

त्यांची नात शाळेच्या संघांत खेळूं लागली आहे, आणि तिला मागें उभें केलें आहे. पहिल्यांदां ती यावर फार रुसली होती. गेल्या आठवड्यांत वकीलसाहेबांनीं दूरध्वनीवरून कळविलें कीं, तिचा संघ एक-शून्य असा जिंकला. गोल कोणीं केला, कसा केला, हें त्यांनीं सविस्तर सांगितलें. आम्हीं विचारलें, पलीकडच्यांचे किती झाले नाहींत? तें त्यांनीं मोजलें नव्हतें.